औषधाच्या आधीपासून

"अँटिबायोटिक फार घेऊ नकोस, शरीराला सवय लागते." हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता मान आपोआप डोलते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, सल्लाही वाईट नसतो, त्यामुळे तिथल्या तिथे वाद घालावासा वाटत नाही. पण सवय शरीराला लागत नाही. ज्याने जन्मात एक कॅप्सूल घेतलेली नाही अशा माणसालाही, अगदी चार दिवसांच्या बाळालाही, कुठल्याच औषधाला दाद न देणारा जंतू गाठू शकतो. त्या बाळाच्या शरीराला कसली सवय लागणार?

मग सवय जंतूला लागते, असं म्हटलं जातं. थोडं थोडं औषध पोटात जात राहिलं की जंतू ते पचवायला शिकतो, निर्ढावतो. हे पटकन पटतं, कारण आपण स्वतः असेच शिकतो आणि असेच निर्ढावतो. जीवशास्त्रज्ञांमध्येही एके काळी यावर खडाजंगी होती. ती मिटायला सुरुवात झाली 1943 साली, आणि ज्या प्रयोगाने झाली तितका देखणा प्रयोग मला जीवशास्त्रात क्वचितच भेटलाय.

साल्वादोर लुरिया हा फॅसिस्ट इटलीतून बाहेर पडून अमेरिकेत पोचलेला शास्त्रज्ञ तेव्हा इंडियाना विद्यापीठात होता. जिवाणूंना मारणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. जिवाणूंच्या गर्दीवर फाज सोडले की जवळजवळ सगळे मरतात, पण काही थोडे तगतात आणि त्यांची पिल्लावळही तगते. हे तगणारे फाजशी गाठ पडल्यावर बदलले, की आधीच बदललेले होते, हा लुरियाचा प्रश्न. उत्तर सापडेना. मग प्राध्यापकांच्या एका नाचाच्या कार्यक्रमात तो एका सहकाऱ्याशेजारी उभा राहिला. तो सहकारी नाणी टाकून दांडा ओढायच्या जुगाराच्या यंत्रावर पैसे घालवत होता. लुरियाने त्याची थट्टा चालवली होती, तेवढ्यात यंत्राने घबाड ओकलं. बहुतेक वेळा शून्य आणि मधूनच एकदम पुष्कळ, हा आकड्यांचा स्वभाव लुरियाच्या डोक्यात बसला.

प्रयोग असा. थोड्याशा जिवाणूंपासून सुरुवात करून वीस वेगवेगळ्या नळ्या वाढवायच्या, मग प्रत्येक नळीतले जिवाणू फाजने माखलेल्या बशीवर ओतायचे आणि किती तगले ते मोजायचं. जिवाणू फाज भेटल्यावर शिकत असतील तर शिकण्याची संधी सगळ्यांना सारखीच, म्हणजे बशीबशीतला आकडा थोड्याफार फरकाने सारखा यावा. पण बदल नळीत वाढतानाच, फाजचा मागमूस नसताना, योगायोगाने होत असेल, तर ज्या नळीत तो लवकर झाला तिथे त्या एकाच्या वंशजांची झुंबड असेल आणि बाकी ठिकाणी शुकशुकाट. लुरियाच्या एका प्रयोगातले वीस आकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. त्यात अकरा शून्यं आहेत. एक, तीन, पाच, सहा असे किरकोळ आकडे आहेत. आणि मध्येच 107 आहे, 64 आहे, 35 आहे. यामागचं गणित त्याचा सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ माक्स डेलब्रुक याने मांडलं. पुढे 1969 मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं.

तरी शंकेखोरांना वाव होता. आकडेशास्त्राने पटवलेली गोष्ट आणि डोळ्यांनी दिसलेली गोष्ट यांत फरक असतोच. डोळ्यांनी दाखवायचं काम 1952 मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या जोडप्याने केलं, तेही मखमलीच्या तुकड्याने.

बशीएवढ्या रुंदीच्या ठोकळ्यावर निर्जंतुक केलेली मखमल ताणून बसवायची. जिच्यावर जिवाणूंच्या वसाहती वाढल्यात अशी बशी तिच्यावर उलटी टेकवायची. मखमलीच्या लवेचा प्रत्येक धागा सुईसारखा काम करतो, प्रत्येक वसाहतीतले थोडे जिवाणू उचलतो. मग त्याच मखमलीवर कोऱ्या बश्या एकामागून एक टेकवायच्या. रबरी शिक्का उठवावा तशी मूळ बशीची नक्कल प्रत्येक बशीवर उमटते, जागाही त्याच. या नकलांच्या बश्यांमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक मिसळलेलं होतं. बहुतेक सगळं मेलं, काही ठिपके उगवले. आणि उगवले ते सगळ्या नकलांवर त्याच त्या जागी. शिकण्याची गोष्ट असती तर एका बशीवर इथे, दुसरीवर तिथे उगवायला हवे होते.

लेडरबर्ग जोडपं इथे थांबलं नाही, आणि मला खरं कौतुक पुढच्या भागाचं आहे. त्यांनी मूळ बशीकडे परत जाऊन नेमक्या त्याच जागेवरचे जिवाणू उचलले, वाढवले, पुन्हा शिक्का उठवला, पुन्हा जागा पाहिली, पुन्हा मूळ बशीतून उचलले. असं करत करत शेवटी हाती आला तो स्ट्रेप्टोमायसिनला अजिबात दाद न देणारा वाण. त्याच्या पूर्वजांपैकी कुणीच स्ट्रेप्टोमायसिन पाहिलेलं नव्हतं. (जिवाणूंच्या जनुकीय देवाणघेवाणीवरच्या कामासाठी 1958 मध्ये जोशुआला नोबेलचा वाटा मिळाला, एस्थरला नाही. त्या विषयावर मी लिहायला बसलो तर हा लेख भरकटेल.)

म्हणजे औषध जंतूला काही शिकवत नाही. गर्दीत आधीच असलेल्या एखाद्या विचित्राला ते मोकळं रान देतं, इतकंच. काटेकोर बोलायचं तर काही अँटिबायोटिक अर्धवट मात्रेत जिवाणूच्या डीएनएला इजा करतात आणि त्या गडबडीत बदलांचा वेग वाढतो. पण वेग वाढला तरी बदल आंधळेच राहतात. त्यांतून कामाचा कोणता ते औषधाच्या हजेरीत ठरतं.

हे "आधीच असणं" किती आधीचं असावं? पेनिसिलिनचा माणसावरचा पहिला मोठा उपचार ऑक्सफर्डमध्ये फेब्रुवारी 1941 मध्ये झाला. पेनिसिलिन फोडून टाकणारं विकर (एन्झाइम) जिवाणूंमध्ये असतं, हे त्याच ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी डिसेंबर 1940 मध्येच छापलं होतं. उपचार सुरू व्हायच्या आधी त्याच्यावरचा उतारा सापडला होता. पहिल्या महायुद्धात 1915 साली फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात एक ब्रिटिश सैनिक जुलाबाने गेला. त्याच्या शरीरातला शिगेला हा आमांशाचा जंतू इंग्लंडच्या राष्ट्रीय जिवाणू संग्रहात पहिल्या क्रमांकावर आजही आहे. शतकभराने त्याला जागं करून तपासलं, तर तो पेनिसिलिनला दाद देत नव्हता आणि एरिथ्रोमायसिनलाही नाही. तो सैनिक गेला तेव्हा पेनिसिलिनचा शोध लागायला अजून तेरा वर्षं होती.

त्याहून मागे जाता येतं. कॅनडातल्या यूकॉन भागात 30,000 वर्षं गोठून राहिलेल्या मातीतून काढलेल्या डीएनएमध्ये व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला निष्प्रभ करणारी जनुकं सापडली, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या लेचुगिया गुहेत सुमारे चाळीस लाख वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेले जिवाणू आहेत, त्यांच्यातले काही आजच्या डझनभर औषधांना जुमानत नाहीत. यात चमत्कार काही नाही. बहुतेक अँटिबायोटिक आपण बनवलेलीच नाहीत. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू आणि बुरशा ती कोट्यवधी वर्षं तयार करताहेत. जो विष बनवतो त्याला स्वतःपुरता उतारा बाळगावाच लागतो, आणि शेजाऱ्यांपैकी ज्यांना तो जमला तेच शेजारी म्हणून उरतात.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हेजहॉगची. हा युरोपातला काटेरी, छोटा प्राणी. त्याच्या कातडीवर एक बुरशी राहते, ती पेनिसिलिनच्या जातीची रसायनं सोडते. तिथेच स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणूही राहतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एमआरएसएचा, म्हणजे मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या भाईबंदाला दाद न देणाऱ्या, रुग्णालयांना सळो की पळो करून सोडणाऱ्या याच जिवाणूचा, एक प्रकार या प्राण्याच्या अंगावर सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच घडलेला होता. मेथिसिलिन वापरात आलं 1959च्या सुमारास, आणि 1961 मध्ये इंग्लंडमध्ये एमआरएसए सापडल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून आपण त्याला औषधाच्या गैरवापराचं अपत्य म्हणत आलो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग आपला दोष काय? सगळं निसर्गातच होतं. हे म्हणणाऱ्यांना मी मरे संग्रहाकडे पाठवतो. 1917 ते 1954 या काळात मरे नावाच्या जीवाणुशास्त्रज्ञाने निरनिराळ्या देशांतून शेकडो रोगजंतू गोळा करून सीलबंद ठेवले होते. नेओमी डाटा आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते 1983 मध्ये उघडून पाहिले. जवळजवळ चौथा हिस्सा जिवाणूंमध्ये प्लाझ्मिडं होती, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारी डीएनएची सुटी कडी. पण त्या कड्यांवर औषधरोधाची जनुकं जवळपास नव्हतीच. आज त्याच जातींच्या जंतूंमध्ये त्याच प्रकारची प्लाझ्मिडं पाच-पाच, सहा-सहा औषधांचा उतारा घेऊन हिंडतात. मातीत आणि गुहेत पडून असलेली जनुकं रोगजंतूंत येऊन बसली, ती सत्तर-ऐंशी वर्षांत. तो काळ आपण टनावारी अँटिबायोटिक जगभर ओतण्याचा आहे.

ही निवड, म्हणजे दाद देणारे मरून न देणारे उरणं, माणसाच्या शरीरात कशी चालते ते पहिल्यांदा स्वच्छ दिसलं क्षयाच्या औषधात. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 107 क्षयरोग्यांवर त्याची चाचणी घेतली, निष्कर्ष 1948 मध्ये छापले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते: 55 जणांना औषध, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी विश्रांतीच्या गटातले 14 गेले होते, औषधाच्या गटातले फक्त 4. क्षयावर तोवर असं काही घडलंच नव्हतं. पण पाच वर्षांनी हिशोब केला तेव्हा विश्रांतीच्या गटातले 35 आणि औषधाच्या गटातले 32 जण मरण पावलेले होते. मधल्या काळात रोग्यांच्या थुंकीतले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. आधी वजन वाढलं, ताप उतरला, रोगी उठून बसला. आणि मग सगळं परत फिरलं. चाचणीच्या कोरड्या तक्त्यांतून तो उतार वाचताना मला पुढच्या ओळीकडे जायला वेळ लागतो.

क्षयावर उत्तर सापडलं ते निव्वळ गणिताचं. आयसोनियाझिडला दाद न देणारा क्षयजंतू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न देणारा दहा कोटींत एक. फुप्फुसात पडलेल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज मावतात. म्हणजे एकच औषध दिलं तर त्याला पुरून उरणारा कुणीतरी तिथे हजर असणारच. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा एक जंतू मिळायला एकावर चौदा शून्यं इतके जंतू लागतील. तेवढे कुणाच्याच छातीत नसतात. म्हणून क्षयाला तीन-चार औषधं एकदम देतात आणि म्हणून त्यातलं एखादं मधूनच गाळणं इतकं घातक ठरतं. एक औषध गाळलं की दुसरं एकटं पडतं आणि गणित पुन्हा दहा लाखांत एकवर येतं.

हे गणित बाकीच्या जंतूंना लावता आलं असतं तर हा लेख इथे संपला असता. जपानमध्ये ते मोडलं. युद्धानंतर तिथे आमांश फोफावला होता. आधी सल्फा औषधं, ती चालेनाशी झाल्यावर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल असा क्रम. 1950च्या दशकाच्या मध्यापासून चारही औषधांना एकदम न जुमानणारे शिगेला जंतू सापडू लागले. चार स्वतंत्र बदल एका जंतूत योगायोगाने एकत्र येणं अशक्यच. त्यात भर म्हणजे एकाच रोग्याच्या पोटात चारही औषधांनी मरणारे आणि चारही औषधांना पुरून उरणारे असे दोन्ही शिगेला सापडत. आणि त्याच पोटातल्या ई. कोलाय या एरवी निरुपद्रवी जिवाणूकडेही नेमका तोच चार औषधांचा संच असे. 1959 मध्ये तिथल्या दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं की शिगेला आणि ई. कोलाय नुसते एका नळीत एकत्र ठेवले तरी हा पूर्ण संच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दोघांच्या जाती वेगळ्या, तरी जातो. त्सुतोमु वातानाबे यांनी 1963 मध्ये इंग्रजीतून हे सगळं नीट मांडलं तेव्हा बाकीच्या जगाने कान टवकारले.

हा दुवा लक्षात आला की आधीचे सगळे तर्क पुन्हा तपासावे लागतात. क्षयाच्या जंतूला ही देवाणघेवाण जमत नाही, त्याला स्वतःतच बदल घडण्याची वाट पाहावी लागते. म्हणून तिथे चार औषधांचं गणित चालतं. आतड्यातल्या जंतूंना चार उतारे एका रात्रीत, एका प्लाझ्मिडवर, आयते मिळतात. आणि ते देणारा बऱ्याचदा रोगजंतू नसतोच.

मला या विषयात सर्वांत कमी बोललं जातं असं वाटतं ते हेच. घसा दुखतो म्हणून मी गोळी घेतो, तेव्हा ती फक्त घशातल्या जंतूकडे जात नाही. माझ्या अंगावर आणि अंगात मिळून सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आहेत असा अंदाज आहे, बहुतेक मोठ्या आतड्यात. त्या सगळ्यांना औषधाचा हप्ता पोचतो. घशातला जंतू तर चार दिवसांत निघूनही जाईल. आतड्यात मात्र जे दाद देणारे होते ते घटतात, न देणाऱ्यांना जागा मिळते, आणि ते तिथेच मुक्कामाला राहतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अँटिबायोटिकचा एक कोर्स घेतलेल्या माणसात रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जिवाणू सापडण्याची शक्यता वर्षभरापर्यंत वाढलेली दिसली. माणूस या काळात ठणठणीत असतो. त्याला काही झालेलं नसतं. पुढे कधी त्यालाच मूत्रमार्गाचा संसर्ग होतो किंवा घरातल्या दुसऱ्याला होतो, आणि ही साठवण वर येते.

घरातल्या दुसऱ्याला, हे मी उगीच लिहिलेलं नाही. 1970च्या दशकात अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात थोडं टेट्रासायक्लिन मिसळलं. कोंबड्यांचं वजन झटपट वाढावं म्हणून तेव्हा तसं सर्रास केलं जाई. आठ-पंधरा दिवसांत त्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळपास सगळे ई. कोलाय रेझिस्टंट झाले. काही आठवड्यांत ते इतर औषधांनाही दाद देईनासे झाले, जी त्यांना कधी दिलीच नव्हती. आणि काही महिन्यांत शेतावरच्या माणसांच्या विष्ठेतही तसेच जिवाणू मिळू लागले. शेजारच्या कुटुंबांत मात्र नाहीत. त्या शेतावर कुणी आजारी नव्हतं, कुणी गोळी घेतली नव्हती. युरोपीय संघाने वजन वाढवण्यासाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं पूर्ण बंद केलं ते 1 जानेवारी 2006 पासून. लेव्हींचा अभ्यास छापून आला त्याला तोवर तीस वर्षं होत आली होती.

मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एका मैत्रिणीने मला एकदा सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे जंतूवर कोणतं औषध चालेल ते तपासायची, बशी दाखवली. फिकट पिवळ्या अगारवर जिवाणूंचा दुधी साय धरल्यासारखा थर, आणि त्यावर नखाएवढ्या कागदाच्या चकत्या, प्रत्येकीवर औषधाचं आद्याक्षर. औषध चकतीतून भोवती झिरपतं आणि जिथवर ते जंतूला वाढू देत नाही तिथवर स्वच्छ वर्तुळ राहतं. ते वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं, तक्त्याशी ताडायचं आणि रिपोर्टात एस (औषध चालतं) किंवा आर (चालत नाही) लिहायचं. त्या बशीत दोन चकत्यांभोवती वर्तुळच नव्हतं, थर थेट कागदाला भिडलेला. एकीभोवती छान रुंद वर्तुळ होतं. मी तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, हे औषध चालेल की. तिने बशी दिव्यासमोर तिरपी धरली. स्वच्छ वर्तुळाच्या आत, चकतीपासून थोड्या अंतरावर, टाचणीच्या टोकाएवढ्या तीन वसाहती उगवलेल्या होत्या. "या पुन्हा लावून बघायच्या," ती म्हणाली आणि पुढची बशी उचलली. लुरियाच्या नळ्यांतले आकडे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले म्हणायचे.

त्या बशीपर्यंत पोचायला दोन-तीन दिवस जातात, ही सगळी अडचण आहे. डॉक्टरसमोरचा माणूस आत्ता तापलेला असतो. जंतू आहे की विषाणू, हेच ठाऊक नसतं, कोणता जंतू हे पुढचं. मग सगळ्यांना चालेल असं, शक्य तितकं व्यापक औषध दिलं जातं, आणि त्या व्यापकपणाची झळ आतड्यातल्या त्या 38 लाख कोटींना बसते. दोष वैयक्तिक बेफिकिरीचा किती आणि चाचणी वेळेवर हाती नसण्याचा किती, याचा हिशोब प्रामाणिकपणे मांडला तर दुसरा रकाना मोठा निघेल असं माझं मत आहे.

पण आपल्याला गोष्टीत दोषी माणूस लागतो. अलेक्झांडर फ्लेमिंगलाही लागला होता. डिसेंबर 1945 मधल्या नोबेल भाषणात त्याने एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. गृहस्थाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरं घेतो, त्याच्या घशातले स्ट्रेप्टोकोकस मरत नाहीत, उलट पेनिसिलिनला तोंड द्यायला शिकतात, मग ते बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन न चालल्याने ती मरते. तिला कुणी मारलं, असा फ्लेमिंगचा सवाल आणि त्या गृहस्थाच्या निष्काळजीपणाने, असं त्याचंच उत्तर. इशारा द्रष्टेपणाचा होता यात वाद नाही. गंमत अशी की घसा धरणारा जो मुख्य स्ट्रेप्टोकोकस, त्याने आजतागायत पेनिसिलिनला दाद देणं सोडलेलं नाही. ऐंशी वर्षं कोट्यवधी लोकांनी अर्धवट कोर्स करूनही. ज्या जंतूचं उदाहरण दिलं तोच नेमका फ्लेमिंगचं ऐकेना.

"कोर्स पूर्ण करा" हा मंत्र या गोष्टीच्याच मुशीतला. 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी उघडपणे लिहिलं की बहुतेक साध्या संसर्गांत लवकर थांबवल्याने रोध वाढतो याला पुरावा नाही, उलट जितके जास्त दिवस औषध तितकी आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंवर जास्त निवड. क्षयासारखे रोग अर्थात याला अपवाद, ते गणित वर आलंच. त्या लेखावर बराच गदारोळ झाला. आपल्या मनाने गोळ्या बंद करा असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं, किती दिवस पुरेत ते प्रत्येक आजारासाठी मोजून ठरवा असं म्हटलं होतं. तसं मोजणं आता चालू आहे आणि अनेक आजारांत सात-दहा दिवसांचे कोर्स तीन-पाच दिवसांवर आलेत.

आकडे एकदा सांगून टाकतो. 2019 या एका वर्षात औषधरोधामुळे थेट झालेले मृत्यू सुमारे 12.7 लाख, आणि रेझिस्टंट संसर्ग सोबत असताना झालेले 49.5 लाख. पहिला आकडा म्हणजे तोच जंतू औषधाने मरणारा असता तर वाचले असते ते लोक. सर्वाधिक झळ आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला. तिथे अनेकांना साधं, जुनं, चालणारं अँटिबायोटिकही वेळेवर मिळत नाही, ही या सगळ्यातली दुसरी बाजू. "कमी वापरा" हा सल्ला जगातल्या प्रत्येकाला सारखा लागू नाही.

नवी औषधं येतील, हा दिलासा मला फारसा पटत नाही. प्लाझोमायसिन हे नवं अँटिबायोटिक बनवणाऱ्या अकेओजेन कंपनीला त्यासाठी जून 2018 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि एप्रिल 2019 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. औषध वाईट नव्हतं. चांगलं नवं अँटिबायोटिक शहाणा डॉक्टर राखून ठेवतो, आणि राखून ठेवलेल्या मालावर कंपनी जगत नाही. इंग्लंडने 2022 पासून दोन औषधांसाठी विक्री किती झाली ते न बघता कंपन्यांना ठरावीक वार्षिक रक्कम द्यायला सुरुवात केली. कल्पना मला योग्य वाटते, पण एका देशाच्या पैशाने या बाजाराचं वळण बदलणार नाही.

राहतो तो प्रश्न माघारीचा. औषध थांबवलं तर ते दाद न देणारे मागे हटतात का? तर्क सांगतो, हटायला हवेत. उतारा बाळगणं जिवाणूला फुकट पडत नाही, औषध नसताना तो ओझंच असतो. फिनलंडमध्ये तसं घडलं. तिथे स्ट्रेप्टोकोकस एरिथ्रोमायसिनला दाद देईनासे झाले होते. 1991च्या अखेरीस त्या गटातली औषधं कमी वापरण्याच्या सूचना देशभर गेल्या, वापर झपाट्याने उतरला, आणि 1992 मध्ये 16.5 टक्के असलेलं रेझिस्टंट जंतूंचं प्रमाण 1996 मध्ये 8.6 टक्क्यांवर आलं. पाच वर्षांच्या आत निम्मं. त्यामुळे पुढचं उदाहरण वाचताना मी चक्रावलो.

ब्रिटनमध्ये 1990च्या दशकात सल्फा औषधं जवळजवळ बंदच झाली. वर्षाला 3,20,000 चिठ्ठ्या लिहिल्या जात, त्या 1999 मध्ये 7,000 वर आल्या. फिनलंडपेक्षा कितीतरी मोठी कपात. लंडनमधल्या एका रुग्णालयात ई. कोलाय तपासले, तर 1991 मध्ये सल्फाला दाद न देणारे 39.7 टक्के होते आणि 1999 मध्ये 46 टक्के. घटायचं सोडून उलट किंचित वाढलेच. शोध घेतल्यावर एक कारण सापडलं. सल्फाचा उतारा असलेलं जनुक ज्या प्लाझ्मिडांवर बसलेलं होतं, त्यांवरच इतर औषधांचे उतारेही होते, आणि ती औषधं वापरात होतीच. सल्फा कपाटातून गेलं तरी बाकीच्या प्रत्येक गोळीबरोबर सल्फाचं जनुकही राखलं जात होतं. सल्फाच्या उताऱ्याच्या जनुकांपैकी एक तर लहान प्लाझ्मिडांवर स्ट्रेप्टोमायसिनच्या उताऱ्याशेजारी ठाण मांडून असतं. आणि स्ट्रेप्टोमायसिनही तिथे क्वचितच वापरलं जात होतं, म्हणजे त्याच्यापुरतं हे कारणही पुरेना.